सर्वोत्तम अकरा आणि न्यायबुद्धी

मनुष्यास फुरसत मिळाली म्हणजे तो दोन गोष्टी हटकून करितो, असे आमच्या पाहण्यात आहे. एक तर तो गत काळाचे गोडवे गातो; नाहीतर प्रतवारी लावू लागतो. थोर कवी कोण, गोड गळा कोणाचा, आंबा देवगडचा सरस की रत्नागिरीचा, असल्या वादांतून निष्पन्न काहीच होत नाही, हे वाद घालणारांसही पक्के ठाऊक असते. तथापि ज्या वादाचा निकाल लागत नाही तो वाद निरर्थकच असतो, असे मात्र नव्हे. वाद घालता घालता आपण कोणत्या मापाने मोजतो आहोत, हे माप आपल्या हाती कोणी दिले, आणि त्या मापात मुळी कोण मावूच शकत नाही, हे प्रश्न पुढे येतात. आणि ते नुसत्या करमणुकीचे राहत नाहीत. असल्याच एका वादाने आम्हांस आमच्या एका जुन्या कृत्यापाशी नेऊन उभे केले. ते कृत्य व त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गेल्या आषाढात आम्ही चार दिवस उमरोळीस आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी होतो. पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये हे लहानसे स्थानक आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या येथे न थांबता धडधडत निघून जातात. पावसाची झड लागलेली, वीज गेलेली, आणि ओटीवर चहाचे पेले घेऊन बसलेली मंडळी. आमचे भावोजी सत्तरीला पोहोचलेले. भाचा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे, आणि भाची पालघरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. बोलता बोलता विषय क्रिकेटवर आला, आणि भाच्याने विचारले, "मामा, मुंबईचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा झाला, तर तुम्ही कोणते अकरा घ्याल?"

झाले! दोन घटकांत ओटीवर निवडसमिती बसली. भावोजींनी प्रथम नियम सांगितला : जो रणजी करंडकात मुंबईकडून खेळला असेल त्याचाच विचार करावयाचा. नियम सोपा होता, म्हणून सर्वांनी मान्य केला. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली व पहिला करंडक मुंबईनेच जिंकला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे तो मुंबईहून हलला नाही. आणि २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भास हरवून मुंबईने तो बेचाळिसाव्या वेळी मिळविला. इतक्या समृद्ध घरातून अकराच माणसे वेचावयाची म्हटल्यावर अडचण उणिवेची नसून विपुलतेची होती.

सुनील गावसकर व सचिन तेंडुलकर या दोन नावांवर कोणी हूं की चूं केले नाही. कसोटीत एकाच्या १०,१२२ धावा व ३४ शतके, दुसऱ्याच्या १५,९२१ धावा व ५१ शतके. येथे वादास जागाच नव्हती. वाद पेटला तो विजय मर्चंट यांच्या नावावर. भावोजींच्या वडिलांनी मर्चंटांचा खेळ डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याचे वर्णन घरात इतक्या वेळा झाले होते की भावोजींस तो स्वतः पाहिल्यासारखाच वाटे. भाचा म्हणाला, "ज्यांनी अवघे दहा कसोटी सामने खेळले, त्यांना सलामीला घ्यायचे आणि वसीम जाफरला बाहेर बसवायचे? रणजीत बारा हजारांवर धावा आहेत त्याच्या!"

आक्षेप पोरकट नव्हता. जाफर यांच्या रणजीतील त्या १२,०३८ धावांतील काही विदर्भाकडून झाल्या असल्या तरी आकडा आकडाच आहे. उलटपक्षी, मर्चंट यांचे दहा सामने १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या अठरा वर्षांत विखुरलेले आहेत, आणि मध्ये महायुद्धाने त्यांची ऐन उमेदीची वर्षे खाऊन टाकली. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ पडते. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत तिच्यावर केवळ ब्रॅडमन यांचीच ९५.१४ ही सरासरी आहे. यावर भाच्याचे उत्तर तयार होते : त्या वेळची गोलंदाजी दुबळी आणि खेळपट्ट्या फलंदाजांच्या सोयीच्या, आजच्या वेगापुढे आणि आजच्या क्षेत्ररक्षणापुढे तो खेळ टिकला असता कशावरून?

भिन्न काळांतील माणसांची तुलना न्याय्य रीतीने करता येते काय, हा यातील पहिला प्रश्न होय. मर्चंट यांस आजच्या मैदानात उतरवून पाहणे शक्य नाही. आणि उतरविलेच, तर आजचा आहार, आजची साधने व आजचे शिक्षण त्यांस द्यावयाचे की नाही, हे आधी ठरवावे लागेल. द्यावयाचे म्हटले तर ते मर्चंट राहत नाहीत, न द्यावे तर शर्यत बरोबरीची होत नाही. वाङ्मयाच्या इतिहासात आपण अशा वेळी काय करितो? ज्ञानेश्वर आणि केशवसुत यांस आपण एका तागडीत घालीत नाही. ज्यास जी भाषा वारशाने मिळाली तिचे त्याने काय केले, आणि आपल्या सोबत्यांच्या किती पुढे तो गेला, हे पाहतो. हीच रीत येथेही लावावी. जो आपल्या काळातील इतरांहून जितका पुढे, तितका तो थोर. या मापाने मर्चंट संघात येतात. भाच्यानेही काही वेळाने, कुरकुरत का होईना, ते मान्य केले.

परंतु हे माप हाती घेताच त्यातील एक खोट आमच्या लक्षात आली. "आपल्या काळातील इतरांहून पुढे" असे म्हणताना ते इतर कोण, हे आपण गृहीत धरितो. शर्यतीत ज्यांस उभेच राहू दिले नाही, ते या इतरांत मोजले जात नाहीत. शंभर जणांत पहिला येणे आणि दाराशी अडविलेल्या नऊशेंना वगळून उरलेल्या शंभरांत पहिला येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. यात पहिल्या आलेल्याचा दोष काडीमात्र नाही. त्याच्या गुणांत उणेपणाही येत नाही. दोष आहे तो दाराबाहेरचे न पाहता निकालपत्र पुरे झाले असे मानणाराचा.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात बासऱ्यांचा एक दृष्टांत दिला आहे. उत्तम बासऱ्या वाटावयाच्या असतील तर त्या कोणास द्याव्या? कुळाने श्रेष्ठ, रूपाने देखणा, धनाने संपन्न असेल त्यास नव्हे. उत्तम वाजविणारास द्याव्या, कारण बासरी वाजविण्याकरिता आहे. वस्तू ज्या कार्यासाठी असेल त्यावरून तिचा अधिकारी ठरतो. हा न्याय प्रत्यक्ष सामन्याच्या संघास चपखल लागू पडतो : सामना जिंकावयाचा आहे, म्हणून जिंकून देणारे निवडावे, दोन यष्टिरक्षक कामाचे नाहीत, नुसते फलंदाजही कामाचे नाहीत. परंतु आमचा ओटीवरचा संघ कोणता सामना खेळणार होता? त्याचा प्रतिस्पर्धी कोण, मैदान कोणते? तो कधीच खेळणार नाही. तो केवळ मान देण्याकरिता आहे. आणि मान देण्याचे काम असेल तर कोणी किती धावा केल्या एवढे विचारून भागत नाही. त्या कोठून चालत येऊन केल्या, हेही विचारावे लागते.

आता यात दैवाचा भाग किती, हे पाहावे. गावसकरांनी आपल्या 'सनी डेज' या आत्मचरित्रात स्वतःच्या जन्माची एक गोष्ट सांगितली आहे, ती बहुतेकांस ठाऊक असेल. जन्मदिवशी त्यांच्या काकांनी बाळाच्या डाव्या कानापाशी एक बारीक छिद्र पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहण्यास गेले तो हाती दिलेल्या बाळाच्या कानाशी ते छिद्र नव्हते. शोधाशोध केल्यावर खरे बाळ एका कोळिणीच्या शेजारी झोपलेले सापडले. काकांची नजर इतकी बारीक नसती, तर फलंदाज व्हावयाचा तो मुलगा कोठल्यातरी कोळीवाड्यात वाढून जाळी ओढीत राहिला असता, असा विचार ही गोष्ट ऐकून प्रत्येकाच्या मनात येतो, आणि आपण हसतो. उमरोळीपासून समुद्र लांब नाही, आणि सातपाटीचे कोळी प्रसिद्धच आहेत. तेथे बसून ही गोष्ट आठवली तेव्हा आम्हांस हसू आले नाही. कारण त्या गोष्टीत बाळे दोन आहेत, आणि दुसऱ्या बाळाविषयी आपण कधी प्रश्न विचारीत नाही. गावसकर कोळीवाड्यात वाढले असते तर जगास कळले नसते, हे जर खरे, तर कोळीवाड्यात वाढलेल्यांत असे कोणी झालेच नाही, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

दैवाची दुसरी चाल निवड झाल्यानंतरची आहे. १९७१ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार नेमताना निवडसमितीत मते सारखी पडली, आणि अध्यक्ष या नात्याने विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत पतौडींच्या ऐवजी अजित वाडेकरांस दिले. वाडेकरांचा संघ त्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये व इंग्लंडमध्येही जिंकून आला. भावोजी तेव्हा शाळेत होते. रेडिओला कान लावून बसल्याचे ते आजही सांगतात. मर्चंट यांचे मत दूरदर्शी होते, असे आज आपण एकमुखाने म्हणतो. परंतु वाडेकर हरून आले असते तर त्याच मतास आपण काय म्हटले असते? मत देतेवेळी तर ते तेच होते! बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या प्रश्नाचा ऊहापोह केला : ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांवरून आपण माणसास बरे किंवा वाईट ठरवितो, हे नीतीस धरून आहे काय? तत्त्वज्ञ यावर अद्याप एकमत झालेले नाहीत. परंतु निवड करणाराने एवढे तरी ओळखावे की, निवडलेल्याचे यश हा आपल्या निवडीचा पुरावा असतोच असे नाही. कारण न निवडलेल्यास तोच प्रसंग देऊन पाहिलेला नसतो.

येथपर्यंत बोलणे आले तेव्हा भावोजींनी पद्माकर शिवलकरांचे नाव काढले. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी, आणि कसोटी सामना एकही नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासेस तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी, ही त्यांची कामगिरी. त्यांचा अपराध एवढाच की ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते, आणि त्याच काळात बिशनसिंग बेदीही होते. गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंविषयी 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिले, त्यात शिवलकर व हरियाणाचे राजिंदर गोयल या दोन कसोटी न खेळलेल्या गोलंदाजांसही स्थान दिले. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर निवर्तले. भाच्याने त्यास जोडून अमोल मुझुमदार यांचे नाव घेतले. १९८८ साली शालेय स्पर्धेत तेंडुलकर व कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पुढे मुंबईकडून पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमविल्या, तरी भारताकडून खेळण्याची पाळी आलीच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तो मात्र त्याच्या मार्गदर्शनाखाली.

महिला संघाचा उल्लेख झाला तेव्हा आमची भाची, जी इतका वेळ वाती वळीत मुकाट्याने ऐकत होती, ती म्हणाली, "मामा, तुमच्या अकरांत बाई एकही नाही, आणि ती नाही हे आतापर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नाही." भावोजी म्हणाले, "अगं, नियमच तसा आहे. रणजी पुरुषांची." ती म्हणाली, "नियम तुम्हीच केलात ना, बाबा?" यावर कोणी काही बोलले नाही.

तिचे हे बोलणे मनात घोळत असतानाच आम्हांस पालवणकर बाळूंची आठवण झाली. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यास युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या चाकरीस होता. तेथे गोऱ्या फलंदाजांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा तयार झाला की पुढे पुण्यामुंबईच्या हिंदू संघांस त्याच्यावाचून चालेना. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहापानाच्या वेळी मात्र त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला, तेव्हा त्या एका दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे नायकपद त्यांस अखेरपर्यंत दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले. आणि रणजी करंडक सुरू झाला तेव्हा बाळूंचे वय साठीकडे झुकले होते. म्हणजे आम्ही ओटीवर बसून, कोणाविषयीही मनात किल्मिष नसताना, केवळ सोयीसाठी जो नियम केला, त्या नियमाने बाळू पुन्हा एकदा मैदानाबाहेर राहिले होते!

येथे कोणी म्हणेल की, ही दया झाली. खेळात दया नको, गुण पाहा. आम्हीही तेच म्हणतो. बाळूंस घ्यावयाचे ते त्यांनी सोसले म्हणून नव्हे. एका दौऱ्यात ११४ बळी घेणारा गोलंदाज होते म्हणून घ्यावयाचे. दया आणि न्याय यांत भेद आहे. गुण नसता जागा देणे ही दया. गुण असता तो मापात धरला जात नाही म्हणून माप तपासणे हा न्याय. पहिलीने घेणारास कमीपणा येतो. दुसऱ्याने माप धरणाराचा कमीपणा दूर होतो.

भाच्यास हे पटले नाही. तो म्हणाला, "मामा, हे सगळे जुने झाले. आता ज्याच्यात दम आहे तो पोहोचतोच. आपला शार्दूलच पाहा ना!" पालघर तालुक्यातील माहीमच्या शार्दूल ठाकूरचा या बाजूच्या सर्वांस सार्थ अभिमान आहे. पालघरपासून मुंबई सुमारे नव्वद किलोमीटर. खांद्यावर क्रिकेटचे ओझे घेऊन हा मुलगा रेल्वेने तितके अंतर तोडी. २०१८ साली पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला दुसरी कसोटी मिळाली, तेव्हा सात बळी व पहिल्या डावात ६७ धावा करून त्याने इतिहासास हात लावला. २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईचा डाव कोसळत असता ७५ धावा त्याच्याच. भाच्याचे म्हणणे असे की, अंतर ही सबब आहे. शार्दूल पोहोचला, मग इतरांनी का पोहोचू नये?

परंतु एक जण खाडी पोहून गेला म्हणून तेथे पूल आहे असे होत नाही. शिवाय याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग भाचा विसरत होता. बोरिवलीच्या शाळेतील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्या मुलाचा खेळ पाहिला, जाण्यायेण्यात त्याचे किती तास जातात हे पाहिले, आणि त्यास आपल्या घरी ठेवून घेतले. मुलाचा दम खराच. पण एका शिक्षकाने आपले दार उघडले, हेही तितकेच खरे. उलट, एकनाथ सोलकर यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखरेख करीत. गरिबी असली तरी मैदान त्या मुलाच्या दाराशीच होते. हाकेच्या अंतरावर असणे, अथवा कोणीतरी हात देणे, यांपैकी एक तरी लागतेच. ज्यांस दोन्ही मिळाली नाहीत त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. आणि हे वाक्य मनात येताच आम्ही गप्प झालो, कारण असे एक नाव आम्हांस ठाऊक होते.

ती गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथील क्रिकेट संघाची व्यवस्था तेव्हा आमच्याकडे होती. सराव सकाळी साडेसहास. नियम असा की, जो तीनदा उशिरा येईल त्याचे नाव संघातून कमी करावयाचे. उमरोळीच्या बाजूचा एक विद्यार्थी मध्यमगती गोलंदाजी करी; त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर असा आत येई की आमचे चांगले चांगले फलंदाज गोंधळत. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ साली सुरू झाल्या; त्या वेळी त्या नव्हत्या. शटलने विरारला यावयाचे, तेथे गाडी बदलावयाची, आणि शटल वेळेवर येईल ते खरे. तो तीनदा उशिरा आला. चौथ्या दिवशी आम्ही वहीतील त्याच्या नावावर रेघ मारिली. महाविद्यालयाजवळ राहणारा दुसरा एक मुलगा तीनदा उशिरा आला असता तर त्याच्याही नावावर आम्ही रेघ मारिली असती, याबद्दल आम्हांस त्या वेळी मोठे समाधान वाटले. नियम सर्वांस सारखा! त्या मुलाने काही तक्रार केली नाही. तो पुन्हा सरावास आला नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर आम्ही उमरोळी स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहत होतो. पाळी संपवून बोईसरहून आलेली माणसे गाडीतून उतरली. त्यांतील एकाने आम्हांस ओळखले, जवळ येऊन वाकून नमस्कार केला आणि विचारले, "सर, इकडे कुठे?" चेहरा भरला होता, केस विरळ झाले होते, पण ओळख पटण्यास वेळ लागला नाही. त्याने घरची हकीकत सांगितली : कारखान्यात पाळीची नोकरी आहे, मुलगा नववीत आहे. आमच्या तोंडून शब्द निघेनात. शेवटी आम्ही म्हणालो, "तेव्हा तुमचे नाव आम्ही काढावयास नको होते." तो किंचित ओशाळला, जणू चूक त्याचीच होती, आणि म्हणाला, "छे, सर. तुम्ही नियमाप्रमाणेच केलेत." इतक्यात आमची गाडी आली.

त्याने आम्हांस दोष दिला असता तर आम्ही समर्थन केले असते. मनुष्याचा स्वभावच तसा. परंतु आमचेच समर्थन त्याने आमच्या हाती परत दिले, तेव्हा ते किती पोकळ आहे हे कळून आले. नियम सर्वांस सारखा होता, हे खरे. पण साडेसहा वाजता मैदानावर येणे ही गोष्ट दोघांस सारखी नव्हती. एकास ती दहा मिनिटांची चाल होती, दुसऱ्यास अर्ध्या रात्रीची जाग. तो उशिरा येतो एवढे आम्ही वहीत लिहिले. तो कोठून येतो हे विचारिले नाही. तो मोठा गोलंदाज झाला असता, असा आमचा दावा नाही. कदाचित झाला नसता. पण तो झाला नसता हे आम्ही ठरविले कशावरून? आम्ही त्याचा खेळ तोलिला नाही, त्याची गाडी तोलिली.

आमच्या मते, काल्पनिक संघ निवडण्याच्या खेळाचा खरा उपयोग हाच आहे. तेथे चूक झाली तरी कोणाची भाकर जात नाही. गावसकरांस वगळले तरी त्यांचे काही उणे होत नाही. परंतु त्या निरुपद्रवी खेळात जी माणसे माप न तपासता मापतात, तीच उद्या शाळेत प्रवेश देतात, कचेरीत माणसे नेमतात, सून किंवा जावई पसंत करितात. आणि तेथे मात्र ज्याच्या नावावर रेघ पडते त्याचे आयुष्य वेगळ्या वाटेने जाते. निवड टाळता येत नाही. अकरांच्या जागी बारा खेळविता येत नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. निवडण्यापूर्वी दाराबाहेर एकदा डोकावून पाहावे. आणि निवडल्यानंतर, जो राहिला तो नालायक म्हणून राहिला, असा निष्कर्ष काढू नये. निवडणाराने निवडलेल्यांची यादी करावी; न निवडलेल्यांचा निवाडा करू नये.

राहता राहिला आमचा संघ. तो आम्ही आधल्या रात्रीच, वीज आल्यावर, पुरा केला होता. नियम बदलून "मुंबईच्या मैदानांवर जो मोठा झाला तो" असा केला. गावसकर, मर्चंट, नायक म्हणून वाडेकर, तेंडुलकर, पॉली उम्रीगर, दत्तू फडकर, यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे, रमाकांत देसाई, सुभाष गुप्ते, शिवलकर आणि पालवणकर बाळू. भाच्याने कपाळाला हात लावला : "दोन डावखुरे फिरकी गोलंदाज? आणि रवी शास्त्री बाहेर, वेंगसरकर बाहेर, रोहित बाहेर! असा संघ कोणी निवडतो का?" सामना खेळावयाचा असता तर त्याचे म्हणणे बिनतोड होते. पण बाळूंस आत घेण्यासाठी शिवलकरांस पुन्हा एकदा दुसऱ्या डावखुऱ्यापायी बाहेर बसविण्यास आमचे मन धजेना. भाचीने तो कागद घेतला, आणि त्याच्या पाठीवर डायना एदलजी व जेमिमा रॉड्रिग्ज ही दोन नावे लिहून पुढे नऊ ओळी कोऱ्या सोडल्या.

परत आल्यावर आम्ही महाविद्यालयाच्या क्रीडासमितीस एक टिपण दिले आहे : सरावाच्या वहीत हजेरीपुढे विद्यार्थी कोणत्या स्थानकाहून येतो हा रकाना असावा, आणि लांबून येणारांसाठी सायंकाळीही एक सराव ठेवावा. आमची सेवा आता थोडी वर्षे उरली आहे. टिपण मंजूर होईल की नाही, ते सांगता येत नाही. त्यावर अद्याप विचार चालू आहे, असे कळते.